चॉकलेटातला कोको कुठला? क्रॉफर्ड मार्केटच्या मागे कुणी गेलंय का?

साखरफुटाणे | १२ सप्टेंबर, रात्री ११:४०

नमस्कार. मी पार्ल्यात राहते, घरी चॉकलेटं करून विकते. आठ वर्षं झाली. दिवाळीला शंभर-सव्वाशे डबे जातात, एरवी राखी, नाताळ, एखादं बारसं. कृती इथल्या निम्म्या जणींना पाठ असेल. मंडईतून कंपाउंडच्या (स्वस्त तयार चॉकलेटच्या) लाद्या आणायच्या, सुरीने तासायच्या, मायक्रोवेव्हमध्ये वितळवून साच्यात ओतायच्या, बदाम-बिदाम घालून फ्रीजमध्ये. वर सोनेरी कागद.

परवा एक जुन्या गिऱ्हाईक बाई ऑर्डर द्यायला आल्या. बरोबर आठवीतली लेक. शाळेत बालमजुरीवर प्रकल्प चालू आहे म्हणे. तिने विचारलं, "काकू, तुमचा कोको कुठून येतो?" मी म्हटलं, क्रॉफर्ड मार्केटमधून. तिने ते वहीत लिहून घेतलं! मग मान वर करून, "आणि त्यांच्याकडे?"

गुरुवारी माल आणायला गेले तेव्हा दुकानदाराला विचारलं. वीस वर्षं त्या गल्लीत बसलेला माणूस. म्हणाला, "ताई, भिवंडीच्या गोडाऊनमधून." त्याच्या मागे? "त्याच्या मागे कंपनी." घरी येऊन लादीचं वेष्टन वाचलं. साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल, कोको सॉलिड्स, इमल्सिफायर. देशाचं नाव कुठेच नाही. कंपनीला मेल टाकली. उत्तर आलं, त्यात 'गुणवत्ता' चार वेळा आणि देश एकदाही नाही.

मग रात्री वाचत बसले, तिथेच चूक झाली. शिकागो विद्यापीठाच्या नॉर्क संस्थेचा २०२० चा अहवाल आहे. आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत मिळून ५ ते १७ वयाची १५ लाख ६० हजार मुलं कोकोच्या कामात. त्यातली १४ लाख ८० हजार धोक्याच्या कामात, म्हणजे धारदार हत्यारं, जड ओझी, फवारणी. आणि जगाचा साधारण ६० टक्के कोको याच दोन देशांतून येतो.

इथे कुणाला मुंबईत असा कोको किंवा तयार चॉकलेट मिळतं का, ज्याचा माग लागतो? डब्याचा भाव दुप्पट झाला तर माझी गिऱ्हाइकं जातील हेही खरं. आणि चॉकलेटच्या वेष्टनांवरचे ते 'फेअरट्रेड' वगैरे शिक्के-बिक्के खरे असतात की तीही जाहिरातच?

पावशेर | १३ सप्टेंबर, सकाळी ७:१५

ज्या मोबाईलवरून हा धागा काढलात त्याच्या बॅटरीतला कोबाल्ट बहुधा कांगोच्या खाणींतला, तिथेही पोरं राबतात. अंगावरचा कुर्ता कुणी शिवला ते विचारलंत? या न्यायाने जगणं बंद करावं लागेल. डब्यावर 'एथिकल' लिहा, दोनशे रुपये वाढवा, पार्ल्यात खपेल. ह. घ्या. (हलके घ्या.)

साखरफुटाणे | १३ सप्टेंबर, सकाळी ९:०२

@पावशेर, मोबाईल मी बनवत नाही हो. चॉकलेट मी बनवते आणि त्यावर माझ्या नावाचं लेबल लावते, एवढाच फरक आहे.

मनीमाऊ | १३ सप्टेंबर, सकाळी ९:३०

वाचतेय. वाखु (वाचनखूण) साठवली.

चिंचपोकळी७७ | १३ सप्टेंबर, दुपारी १:५०

मी फोर्टात एका दलालाकडे अकरा वर्षं होतो. काजू, कॉफी, अधूनमधून कोको. तुमच्या दुकानदाराने दिलेलं उत्तर प्रामाणिक आहे, कारण त्याच्या मागे खरंच कुणालाच माहीत नसतं. का ते सांगतो, जरा लांबेल.

कोकोची बोंडं झाडाच्या खोडालाच लागतात, फणसासारखी. ती कोयत्याने उतरवायची, मग कोयत्यानेच फोडायची. आत पांढऱ्या गरात तीस-चाळीस बिया. त्या गरासकट केळीच्या पानांत झाकून पाच-सहा दिवस आंबवायच्या, मग उन्हात वाळवायच्या. यातलं बहुतेक काम हातानेच होतं. शेती मोठी नसते, पाच ते दहा एकर. मजूर परवडत नाही, म्हणून घरची पोरं. त्यात शेजारच्या बुर्किना फासो आणि मालीतून आलेले लोक, काही पोरं एकटीच आलेली किंवा आणलेली.

वाळलेली बी घ्यायला गावोगाव फिरणारा खरेदीदार येतो. तो मोठ्या व्यापाऱ्याला देतो, तो आयव्हरी कोस्टच्या आबिजान किंवा सान पेद्रो बंदरातल्या निर्यातदाराला. पहिल्याच गोदामात दहा गावांची बी एका ढिगात पडते. तिथे माग संपला. पुढे जहाज, मग कुठल्या तरी देशात दळण, पावडर एकीकडे, लोणी (कोको बटर) एकीकडे. तुमच्या कंपाउंडमध्ये यातली फक्त पावडर येते, लोण्याच्या जागी पामसारखं स्वस्त तेल असतं. ती पावडर आफ्रिकेची असेल, इंडोनेशियाची असेल, दोन्ही मिसळलेली असेल.

आता शिक्के. फेअरट्रेड, रेनफॉरेस्ट अलायन्स वगैरे, म्हणजे माल ठरलेले नियम पाळून पिकवला असं सांगणारे. खोटे नाहीत, पण लोक समजतात तसे नसतात. कोकोत 'मास बॅलन्स' नावाची पद्धत चालते. दूध डेअरीचं उदाहरण घ्या. दहा शेतकऱ्यांना चारा-पाण्याचे नियम पाळल्याबद्दल लिटरमागे जास्त पैसे दिले, पण दूध ओतलं त्याच टँकरमध्ये. टँकरमधून तेवढेच लिटर 'नियमाचं दूध' म्हणून विकता येतं. तुमच्या पिशवीत त्या दहांचं दूध असेलच असं नाही, पण दहांना पैसे पोचले. फेअरट्रेडने २०१९ च्या ऑक्टोबरपासून टनाला किमान २,४०० डॉलर आणि वर २४० डॉलर अधिमूल्य ठरवलं होतं. हा खरा पैसा आहे. 'या वडीतल्या बीला लहान मुलाचा हात लागला नाही' हे मात्र तो शिक्का सांगत नाही.

आणि कंपन्यांच्या आश्वासनांचं म्हणाल तर २००१ साली अमेरिकेत कोकोतल्या बालमजुरीवर हार्किन-एंगेल करार झाला. बड्या कंपन्यांच्या सह्या. २००५ पर्यंत सर्वांत वाईट प्रकारची बालमजुरी संपवणार. ती मुदत सरली. २००८, मग २०१०. मग म्हणाले, संपवणार नाही, २०२० पर्यंत ७० टक्के कमी करू. २०२० ला काय निघालं ते धागाकर्तीने वर दिलंच आहे.

पावशेर | १३ सप्टेंबर, दुपारी २:१०

म्हणजे मी बरोबर होतो.

चिंचपोकळी७७ | १३ सप्टेंबर, दुपारी २:२४

अर्धे. :) मालीच्या सहा जणांनी अमेरिकेत नेस्ले आणि कारगिल या कोको घेणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला होता, लहानपणी आम्हाला आयव्हरी कोस्टच्या मळ्यांवर गुलामासारखं राबवलं म्हणून. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दावा अमेरिकेत चालणार नाही असं सांगितलं. कारण? छळ अमेरिकेबाहेर झाला. राबवलं गेलं की नाही, हा प्रश्न सुनावणीला आलाच नाही. पण ओरड झाल्यामुळे काही गोष्टी हलल्या हेही खरं. गावात माणूस ठेवून कुठलं पोर मळ्यावर आहे याची नोंद करणं, शाळेत घालणं, हे आता पुष्कळ ठिकाणी चालतं. नेस्लेने २०२२ पासून मुलं शाळेत पाठवणाऱ्या कुटुंबांना थेट पैसे देणं सुरू केलं, त्यातला वाटा घरातल्या बाईच्या हातात.

ठाणेकर_जुना | १३ सप्टेंबर, सायंकाळी ६:४५

अवांतर: पोखरण रोडला लहानपण गेलं. वारा फिरला की अख्ख्या आळीत चॉकलेटचा वास. आई म्हणायची, वासावर पोळी खा. कोको कुठून येतो हा प्रश्न कधी मनात आला नाही, आमच्या लेखी तो कॅडबरीच्या भिंतीपलीकडे उगवायचा.

अवांतर नसलेलं: इंग्लंडात डेअरी मिल्कवर २००९ ला फेअरट्रेडचा शिक्का आला होता. २०१६ ला तो जाऊन कंपनीचा स्वतःचा 'कोको लाइफ' कार्यक्रम आला. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच तपासायचा, असं तेव्हा लोक म्हणत होते.

रवाळ | १३ सप्टेंबर, रात्री १०:२०

सा.फु. ताई, मी बोरिवलीत केकचं काम करते, थोडं कामाचं बोलू का?

'बेल्जियन' लिहिलेलं बघून भुलू नका. बेल्जियममध्ये कोको पिकत नाही, तिथे फक्त दळतात आणि घोटतात. देश विचारायचा तो बीचा.

मुंबईत बसून माग लागणारा कोको हवा असेल तर सोपा रस्ता भारतीय बीचा. केरळात इडुक्की, तमिळनाडूत पोल्लाची, कर्नाटकात दक्षिण कन्नड, आंध्रात गोदावरीचा पट्टा. नारळ-सुपारीच्या सावलीत लावतात. ऑरोविलचं मेसन अँड को, पोल्लाचीचं सॉकलेट, म्हैसूरचं नाविलुना, मुंबईतलंच पास्काटी ही मंडळी बीपासून वडीपर्यंत स्वतः करतात. यातले काही जण घाऊक कुव्हेर्चर (कोकोचं लोणी असलेलं, साच्यात ओतायचं खरं चॉकलेट) देतात, फोन करून विचारा. कॅम्पको ही तर शेतकऱ्यांची सहकारी संस्था, १९७३ ची, पुत्तूरला १९८६ पासून कारखाना आहे. तिचा भाव सामान्य माणसाच्या आवाक्यातला असतो.

पण एक सांगून ठेवते, कंपाउंडची सवय असलेल्या हाताला खरं चॉकलेट रडवतं. टेम्परिंग करावंच लागतं. डार्क असेल तर ४५-५० अंशांपर्यंत वितळवा, ढवळत २७-२८ वर आणा, परत ३१-३२ वर न्या आणि तिथेच ओता. चुकलं की वर पांढरी बुरशीसारखी झाक येते (बुरशी नसते, कोकोचं लोणी वर येतं). पाण्याचा एक थेंब पडला की सगळं पिठल्यासारखं घट्ट. आणि ऑक्टोबर हीटमध्ये एसीशिवाय नादच करू नका.

अण्णा_माटुंगा | १४ सप्टेंबर, सकाळी ८:३०

माझी सासुरवाडी इडुक्की जिल्ह्यात. मेहुण्याच्या अंगणापासून कोको सुरू होतो, मधे जायफळ, मिरी. २०२४ च्या उन्हाळ्यात वाळल्या बीचा भाव किलोला हजार रुपयांवर गेला होता. त्याच्या दोनेक वर्षं आधी तोच दोनशे-अडीचशे. मेहुणा रात्री झाडांत झोपायला जायचा, चोर बोंडं तोडून नेत होते! आता भाव उतरलाय, झोप घरात.

एक प्रामाणिक प्रश्न. सुट्टीत माझी मुलं तिथे जातात, ताडपत्रीवरची बी पालथी करतात, गर चोखून बिया टोपलीत टाकतात. ही बालमजुरी का? आपला कायदा २०१६ ला दुरुस्त झाला, त्यात १४ वर्षांखालच्या मुलांना सगळी कामं बंद, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्यात मदत चालते, धोक्याचं काम सोडून. त्या १५ लाखांत माझ्या मुलांसारखी किती?

चिंचपोकळी७७ | १४ सप्टेंबर, सकाळी ९:४०

अण्णा, बी पालथी करणं वेगळं. त्या मोजणीत १४.८ लाख मुलं धोक्याच्या कामात धरलीत, म्हणजे कोयता, ओझं, औषध यातलं काहीतरी. पण तुमच्या प्रश्नातलं दुसरं टोकही खरं आहे. बहुतेक पोरं आईबापाच्याच शेतावर आहेत. विकून आणलेली, डांबलेली पोरं आहेत, पण थोडी. बातमीत मात्र तीच येतात. बाप दुष्ट नाही, त्याच्याकडे मजुराला द्यायला पैसे नाहीत. म्हणून भावाचा मुद्दा सुटत नाही. २०२४ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या बाजारात टनाला १२,००० डॉलरवर भाव गेला. शेतकऱ्याला ते दिसले का? आयव्हरी कोस्ट-घानात हंगामाच्या सुरुवातीला सरकार भाव बांधून देतं. शिवाय रोग आणि पावसाने पीकच बुडालं होतं म्हणून तर भाव चढला. विकायला माल नाही त्याला चढ्या भावाचं काय.

नीरामाई | १४ सप्टेंबर, सकाळी ११:०५

गंमत बघा, जगातली सर्वांत मोठी कोको दळणारी कंपनी बॅरी कॅलेबो, तिचा कारखाना आमच्या बारामतीत, २०२० पासून. फेरेरो त्याच्याही आधीपासून. आयव्हरी कोस्टचा कोको आणि आमच्या पट्ट्यातली साखर एका गावात भेटत असणार.

गोदाकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ११:५५

दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. नीरामाईंनी साखर म्हटलं म्हणून लिहितो.

साखरफुटाणेताई, तुम्ही वेष्टनावरचे घटक दिलेत. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. तुमच्या यादीत पहिला शब्द साखर आहे. कोको तिसरा.

मी गेवराई तालुक्यातला. सध्या कल्याणला शिक्षक. आईवडील ऊसतोडीला जायचे, दसरा-दिवाळीला निघायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. तोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. 'आमच्या गावातून चाळीस कोयते गेले' असंच बोलतात, माणसं गेली असं नाही. एकटा असला तर अर्धा कोयता. मुकादम (टोळी जमवणारा ठेकेदार) आधी उचल देतो, ती फिटेपर्यंत तोडायचं. मुलगा म्हणून मला आजीकडे ठेवलं, शाळेसाठी. माझी बहीण बरोबर गेली, कारण धाकट्याला सांभाळायला कुणीतरी लागतं. ती तेव्हा नऊ वर्षांची. पहाटे चारला आई फडात गेली की कोपीत (पाचटाच्या खोपटात) चूल तिची, पाणी तिचं, भाऊ तिचा. दुपारी ऊस बांधायला हात, संध्याकाळी वाढ्याच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या डोक्यावर. हिशोबात ती कुठेच नव्हती, ना कोयता, ना अर्धा कोयता. शाळेच्या पटावर मात्र सहाही महिने हजर! हे मला शिक्षक झाल्यावर कळलं, पट कसा राखतात ते.

आता हंगामी वसतिगृहं आहेत, साखरशाळा (तोडणाऱ्यांच्या मुलांसाठी कारखान्याजवळच्या शाळा) होत्या, मागे राहणारी मुलं वाढलीत. सगळं तसंच आहे असं मी म्हणत नाही. पण २०२४ साली न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या ऊसतोडीतल्या शोषणावर लिहिलं तेव्हा आमच्या गटावर लोक 'बदनामी' म्हणत होते. आफ्रिकेबद्दल वाचताना असं कुणी म्हणत नाही.

चिंचपोकळींनी लिहिलंय की बोंडं कोयत्याने फोडतात. मी ती ओळ तीनदा वाचली.

मनीमाऊ | १५ सप्टेंबर, सकाळी ७:५०

बहीण आता कुठे असते?

गोदाकाठ | १५ सप्टेंबर, सकाळी ८:१५

कळंबोलीत. मेस चालवते, तीस डबे. पाढे येत नाहीत, हिशोबात मला ऐकत नाही.

पावशेर | १५ सप्टेंबर, सकाळी ८:४०

पहिल्या प्रतिसादातलं 'ह. घ्या.' मागे घेतो. साखरेचा माग कसा लावायचा? लागतो का?

चिंचपोकळी७७ | १५ सप्टेंबर, सकाळी १०:१०

कारखान्याचं नाव पोत्यावर असतं, तिथपर्यंत लागतो. कुठल्या फडातला ऊस, कुठल्या टोळीने तोडला, ते मुकादमाच्या वहीत. ती वही तुम्हाआम्हाला कोण दाखवणार. ऊस कापायचं यंत्र आलंय, पण बारक्या तुकड्यांत ते फिरत नाही.

रवाळ | १५ सप्टेंबर, सकाळी ११:३०

७० टक्के डार्क घेतलं तर साखर फार तर ३० टक्के. प्रश्न सुटत नाही, पण डब्यातली साखर बरीच कमी होते. मुलांना कडू लागतं, ते वेगळं.

साखरफुटाणे | ५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

उशीर झाला, क्षमस्व. केलं काय ते सांगते.

चार ठिकाणी फोन केले. सगळ्यांना एकच विचारलं, बी कुणाच्या शेतातली, आणि तोडायला कोण असतं? एकाने माहितीपत्रक पाठवतो म्हणून सांगितलं, ते अजून यायचंय. एक बाई मात्र अर्धा तास बोलल्या. पोल्लाचीजवळच्या बागा, आंबवण कुठे होतं, मजुरी दिवसाला किती, बी बाजारभावापेक्षा किती चढ्या दराने घेतात, सगळं. येऊन बघा म्हणाल्या. साखरेचं विचारलं तेव्हा थांबल्या. म्हणाल्या, हे आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. खोटं काही सांगितलं नाही, याचं मला बरं वाटलं.

त्यांच्याकडून पाच किलो ७० टक्क्यांचं मागवलं. कंपाउंड मला किलोला साडेतीनशेच्या आसपास पडतं, हे चौदाशेला. पहिला घाणा फुकट गेला, रवाळ म्हणाली तश्शी पांढरी झाक. दुसऱ्या घाण्याला बेडरूममध्ये एसी लावून बसले, नवरा हॉलमध्ये. जमलं! साच्यातून काढताना टक् असा आवाज येतो, कंपाउंड तसा कधी वाजला नाही.

दिवाळीला दोन डबे ठेवलेत. नेहमीचा बारा वड्यांचा, तीनशेचा. दुसरा सहा वड्यांचा, साडेचारशेचा, आत चिठ्ठी: कोको पोल्लाचीचा, बागेचं नाव, साखर बाजारातली. 'एथिकल' लिहिलेलं नाही. आतापर्यंत नेहमीचे ८१, दुसरे १७. म्हणजे बहुतेकांना अजून तेच हवंय आणि मी तेच विकतेय. सगळं बदलायची माझी ऐपत नाही, मार्चपर्यंत बघते.

आठवीतली मुलगी आली होती. मागची ओळ खोडून पोल्लाची लिहिलं. मग म्हणाली, "काकू, साखर?" मी गोदाकाठ यांचा प्रतिसाद तिला वाचायला दिला. तो तिने आईला मोठ्याने वाचून दाखवला, माझ्या ओट्याशी उभं राहून. अर्धा कोयता म्हणजे काय ते तिला मला समजावून सांगावं लागलं.

गोदाकाठ | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:२०

सहा वड्यांचे दोन डबे कळंबोलीला पाठवता येतील का? पैसे कुठे भरू ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बहिणीला कडू आवडतं.

साखरफुटाणे | ६ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

व्यनि केलाय. शनिवारी नवरा पनवेलला जाणार आहे, हातोहात पोचवेल. उन्हात पाठवायचे नाहीत, वितळतात.